वाकडी रेघ

दिवाळीच्या पहाटे आमच्या मंगळवार पेठेतल्या बोळातून चालत निघालं, की प्रत्येक दारासमोर एकेक गणित मांडून ठेवलेलं दिसतं. कुठं पंधरा ते आठ, कुठं एकवीस ते अकरा, कुठं नऊ ठिपक्यांच्या नऊ ओळी. गेरूनं सारवलेला चौकोन, त्यावर पांढरे ठिपके आणि ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा. मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहितो. रेघेशी माझं नातं जुनं आहे. तरीही चिमटीतून रांगोळी सोडत एका दमात सरळ रेघ ओढणं मला कधी जमलं नाही. आईला जमायचं. तिची रेघ बघून गवंडी ओळंबा लावायचा विसरेल, असं आमचे वडील म्हणत.

ही हकीकत त्या रेघेची आहे.

२०२२ ची दिवाळी. आईला एकाहत्तरावं लागलं होतं. नरकचतुर्दशीच्या पहाटे मी दार उघडलं तेव्हा तिची रांगोळी काढून झाली होती आणि ती आत पणत्या आणायला गेली होती. ठिपके जागच्या जागी होते. पण रेघ एक धड नव्हती. प्रत्येक रेघ एका ठिपक्यापासून नीट निघे, मध्येच पोट काढी आणि कशीबशी पुढच्या ठिपक्याला जाऊन मिळे. मी काय केलं? ओला फडका घेतला, त्या रेघा पुसल्या आणि शाळेतली फूटपट्टी लावून नव्या ओढल्या. आई पणत्यांचं ताट घेऊन बाहेर आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"का रं पुसलास?"

"वाकड्या झाल्या होत्या."

"मला सरळ दिसत हुत्या की," ती म्हणाली. "मीच वाकवून वाकवून सरळ केल्या त्या."

मी हसलो. म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्याला आपण हसतो तसं, प्रेमानं आणि काही न ऐकता. तिच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू धरला होता हे आम्हाला ठाऊक होतं. दिवाळी झाली की त्याचं बघू, असं ठरलंही होतं. नवरात्रापासून खिडकीचे गज मध्येच वाकल्यासारखे दिसतात, असं ती सौ.ला म्हणाली होती. एकदोनदा चहा कपाबाहेर सांडला होता. या सगळ्याचा हिशेब आम्ही मोतीबिंदूच्या खात्यावर मांडून मोकळे झालो होतो.

वर्गात मी मुलांना पंचवीस वर्षं एकच गोष्ट सांगत आलो आहे: ठाऊक आहे ते काढू नका, दिसतंय ते काढा. माझ्या आईनं तिला दिसत होतं ते काढलं होतं. आणि मी ते पुसलं होतं.

त्यानंतर दोन आठवड्यांनी किरणोत्सव आला. कोल्हापूरकरांना त्याचं नवल सांगायला नको. बाहेरच्या वाचकांसाठी दोन शब्द सांगतो. अंबाबाईचं देऊळ पश्चिमेकडं तोंड करून आहे. नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखेला, आणि पुन्हा जानेवारीच्या अखेरीस व फेब्रुवारीच्या आरंभी, मावळतीचा सूर्य महाद्वारातून आत शिरतो, मंडपांतून सरकत गाभाऱ्यात जातो आणि पहिल्या दिवशी देवीच्या पायांशी, दुसऱ्या दिवशी छातीशी, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोचतो. ढग, धुकं किंवा वाटेतली एखादी उंच इमारत आडवी आली, की किरण अलीकडंच अडखळतात. तेवढ्या चार-दोन मिनिटांसाठी माणसं तासन्‌तास उभी राहतात.

आई दरवर्षी जाते. त्या वर्षी मी तिच्याबरोबर होतो. गर्दी ओसरल्यावर आम्ही दर्शनाच्या ओळीतून समोर आलो. हात जोडून ती बराच वेळ उभी राहिली. बाहेर आल्यावर पायात चप्पल सरकवताना अगदी सहज म्हणाली, "बाळ, देवीचं सगळं दिसलं. मुकुट दिसला, साडी दिसली, समया दिसल्या. मुखडा तेवढा दिसंना. बघाया गेलं की तिथं कुणीतरी बोट फिरवून पुसल्यागत हुतंय."

पुसल्यागत! तो शब्द मला लागला. घरी येईपर्यंत महाद्वार रोडवर मी एक शब्द बोललो नाही. दुसऱ्याच दिवशी डोळ्याच्या पडद्याचा इलाज करणाऱ्या डॉक्टरांकडं तिला घेऊन गेलो.

थेंब घालून डोळ्याची बाहुली मोठी केली. मग एका यंत्राच्या खोबणीत हनुवटी टेकवायला सांगून समोरच्या खुणेकडं बघायला लावलं. ना डोळ्याला हात लावला, ना काही टोचलं. दोन मिनिटांत पडद्यावर एक चित्र उमटलं. या तपासणीला ओ.सी.टी. म्हणतात. ध्वनी भिंतीवर आपटून परत येतो, तशी या यंत्रातली प्रकाशाची तिरीप डोळ्याच्या थराथरावरून परत येते आणि त्यावरून पडद्याचा उभा छेद काढता येतो. अमेरिकेतल्या डेव्हिड हुआंग, जेम्स फुजिमोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली ही युक्ती जगापुढं मांडली. ज्या पडद्याची जाडी मिलिमीटरच्या पाव भागाएवढी, त्यातले थर वेगवेगळे मोजता येतात.

चित्र बघायचा माझा धंदा. पण इतकं जड चित्र मी आजवर पाहिलं नव्हतं. निरोगी पडद्याच्या मधोमध एक उथळ खळगी असते. डॉक्टरांनी आधी दुसऱ्या एका डोळ्याचं चित्र दाखवून ती मला ओळखायला शिकवली. आईच्या उजव्या डोळ्यात त्या खळगीच्या जागी टेकडी होती आणि टेकडीच्या पोटात काळं डबकं साचलं होतं.

"पडदा असा उचलला गेला, की सरळ रेघ वाकडी दिसते," डॉक्टर म्हणाले. "मावशी, हे कधीपासून होतंय?"

आईनं माझ्याकडं बघितलं. मला वाचवावं की खरं सांगावं, असा तिला क्षणभर प्रश्न पडला असावा. मग म्हणाली, "नवरात्रापासनं."

आजाराचं नाव लांबलचक आहे; अर्थ असा, की वय झालं म्हणून पीतबिंदू झिजला. पीतबिंदू म्हणजे पडद्याचा मधला इवलासा भाग. वाचणं, सुईत दोरा ओवणं, माणसाचा चेहरा ओळखणं ही कामं त्याची. पडद्याच्या मागं रक्तवाहिन्यांचा दाट थर असतो आणि मध्ये एक पातळ पापुद्रा. बऱ्याच जणांची झीज वर्षानुवर्षं सावकाश चालते. काहींच्या बाबतीत मात्र मागच्या थरातून नव्या रक्तवाहिन्या फुटतात, पापुद्रा भेदतात आणि पडद्याखाली पसरतात. या वाहिन्या कच्च्या असतात. त्यांतून पाणी झिरपतं, कधी रक्तही, आणि शेवटी तिथं वण धरतो.

जुन्या दगडी भिंतीत पिंपळाचं रोप उगवतं ना, तशी ही गोष्ट आहे. मला त्यात आणखी एक दिसलं. या वाहिन्या बाहेरून आलेल्या कुणी शत्रू नव्हेत. अडचणीत सापडलेल्या पेशी रक्तासाठी हाक घालतात. ती हाक नेणाऱ्या एका प्रथिनाला १९८९ साली नाव मिळालं: व्हीईजीएफ. त्या हाकेला ओ देऊन शरीर मदत पाठवतं आणि ती मदतच नजर बुडवते. आणि हे सगळं गुपचूप चालतं. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, पाणीही येत नाही. एखादी रेघ वाकते, एवढंच.

इलाज म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, "डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल."

आई गप्प झाली. नंतर तिनं जे विचारलं, ते दोन दिवस देवळात उभी राहून किरणांची वाट बघणारी बाईच विचारू जाणे. "डॉक्टरसाहेब, आत्ता उजेडानंच आत बघितलासा न्हवं? मग उजेडानंच बरं का करत न्हाईसा? सुई कशाला?"

डॉक्टर हसले नाहीत. खुर्ची तिच्याजवळ ओढून म्हणाले, "मावशी, सुरुवात उजेडापासूनच झाली होती."

थोडं त्यांनी सांगितलं. उरलेलं मी नंतर वाचून काढलं. मॅट्रिकच्या पुढं माझं शिक्षण गेलं नाही, त्यामुळं एखादी गोष्ट समजेपर्यंत पुन्हा पुन्हा वाचायची मला लाज वाटत नाही.

जुलै १९४५ मध्ये युरोपात सूर्यग्रहण दिसलं. उघड्या डोळ्यांनी ते पाहणाऱ्या काही लोकांच्या पडद्यावर भाजल्याचे डाग पडले. गेर्ड मायर-श्विकेराट या जर्मन नेत्रवैद्यानं असे डाग पाहिले आणि त्याच्या मनात उलटा विचार आला: जो प्रकाश पडदा भाजतो, तोच बेतानं वापरला तर फाटलेला पडदा डागून सांधता येणार नाही का? हॅम्बर्गच्या रुग्णालयाच्या गच्चीवर आरसे लावून त्यानं सूर्याचा किरण खाली आणला आणि रोग्याच्या डोळ्यात सोडला. जर्मनीचं आभाळ ते. ढग आले की इलाज थांबे. आमच्या किरणोत्सवासारखंच! पुढं त्यानं सूर्याऐवजी झेनॉन वायूचा प्रखर दिवा वापरला. १९६० साली लेझर निघाला आणि त्या दशकाच्या अखेरीस नेत्रवैद्यांच्या हाती आरगॉन लेझर आला.

पण नेम धरायचा तर आधी लक्ष्य दिसायला हवं. ती सोय अमेरिकेतल्या इंडियानाच्या दोन तरुण विद्यार्थ्यांनी केली. नोव्होटनी आणि अल्व्हिस ही त्यांची नावं. दंडाच्या शिरेत एक चमकणारा रंग सोडायचा आणि तो डोळ्यातल्या वाहिन्यांतून धावत असताना भराभर फोटो घ्यायचे, ही त्यांची रीत १९६१ साली प्रसिद्ध झाली. कुठली वाहिनी गळते, हे त्यावरून नकाशासारखं दिसू लागलं. नकाशा बघायचा आणि त्या जागी लेझरनं डागायचं. शरीराला चीर न देता, चित्रावर नेम धरून केलेला हा इलाज होता.

अडचण एकच होती. पिंपळ जाळताना भिंतही जळायची. जिथं डागलं तिथला पडदा कायमचा मरे. वाहिनी कडेला असली तर तो तोटा सोसे. पण ती पीतबिंदूच्या ऐन खाली असली, तर नजर वाचवण्यासाठी नजरच जाळावी लागे. २००० साली वेगळी युक्ती आली. शिरेतून असं औषध द्यायचं, की जे त्या कच्च्या वाहिन्यांत साठतं. मग न भाजणारा सौम्य लेझर टाकून तेवढ्याच जागी त्याला जागं करायचं. वाहिन्या मिटत आणि पडद्याला झळ पुष्कळ कमी लागे. घसरण त्यानं मंदावे. पण गेलेली नजर सहसा परत येत नसे.

तिथं सुई जिंकली. व्हीईजीएफची हाकच बंद करणारं रॅनिबिझुमॅब २००६ साली अमेरिकेत मान्य झालं. ज्या मोठ्या चाचणीवरून ते मान्य झालं, तीत वर्षअखेरीला शंभरातल्या सुमारे ९५ जणांची नजर फारशी घसरली नव्हती आणि सुमारे ३४ जणांची तर बरीच सुधारली होती. ज्यांना इंजेक्शनचा नुसता आभास दिला होता, त्यांच्यात सुधारलेले शंभरात पाच. आदल्या वर्षीच फिलिप रोझनफेल्ड या डॉक्टरांनी आतड्याच्या कर्करोगासाठी निघालेलं बेव्हासिझुमॅब डोळ्यात वापरून पाहिलं होतं. अमेरिकेत रॅनिबिझुमॅबच्या एका डोसाला सुमारे २००० डॉलर पडत, तर बेव्हासिझुमॅबच्या डोळ्यापुरत्या डोसाला सुमारे ५०. दोन्ही औषधं समोरासमोर ठेवून केलेल्या चाचणीचा निकाल २०११ साली आला: नजरेच्या बाबतीत दोन्ही सारखीच. रॅनिबिझुमॅबसारखंच औषध स्वस्तात करण्यात आपला देश पुढं होता; अहमदाबादच्या इंटास कंपनीनं ते २०१५ साली बाजारात आणलं. माझ्यासारख्या शाळामास्तराच्या घरी हा निव्वळ शास्त्राचा इतिहास नव्हता. दर महिन्याच्या खर्चाचा तो प्रश्न होता.

सुईचं भय मनात जेवढं असतं, तेवढं ती टोचताना राहत नाही, असं आई नंतर सांगू लागली. बधिर करणारे थेंब, जंतुनाशकाचा तांबूस धुवा, पापण्या उघड्या ठेवणारा चिमटा, आणि मग बुबुळाच्या कडेनं पांढऱ्या भागात मिलिलिटरच्या विसाव्या भागाएवढं औषध. ती अंबाबाईचं नाव घेत होती. तिसऱ्या वेळेला सुई बाहेर निघाली तरी नाव चालूच होतं. पहिले तीन महिने महिन्याला एक, आणि पुढं चित्र बघून अंतर वाढवायचं, असा क्रम ठरला. चित्राशिवाय सुई नाही. डबकं आटलं की नाही, हे आईच्या आधी त्या यंत्राला कळे.

उजव्या डोळ्यातलं डबकं आटलं. टेकडी खाली बसली. पण तिच्या जागी वण राहिला. "लवकर आला असता, तर वण लहान राहिला असता," डॉक्टर म्हणाले. त्यांनी ते हळू सांगितलं. मी अजून ते मोठ्यानं ऐकतो. त्या डोळ्यानं आईला आजही भोवतालचं सगळं दिसतं, फक्त बघायला जावं ती गोष्ट दिसत नाही. २०२३ मध्ये डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, तो डोळा लख्ख झाला आणि घरातली सारी नजर त्या एका डोळ्यावर येऊन ठेपली.

आमच्या कोल्हापुरातच वि. स. खांडेकर होऊन गेले. तेही शाळामास्तर आणि कादंबरीकार. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्यांची दृष्टी गेली, तरी त्यांनी मजकूर सांगून लिहून घेतला. त्या काळात रात्री मला त्यांची आठवण येई. शब्द सांगून लिहून घेता येतात. पण रांगोळी सांगून कशी काढून घेणार?

डॉक्टरांनी एक छापील जाळी दिली होती. मार्क अ‍ॅम्स्लर या स्विस नेत्रवैद्यानं ती रूढ केली: दहा सेंटिमीटरचा चौकोन, त्यात उभे वीस आणि आडवे वीस घर, मधोमध एक ठिपका. चष्मा लावायचा, एक डोळा झाकायचा, हातभर अंतरापेक्षा जरा जवळून ठिपक्याकडं बघायचं, आणि एखादी रेघ वाकते का, कुठं घर पुसलं जातं का, ते सांगायचं. ती जाळी बघून मला हसू आलं आणि रडूही. लहान चित्र मोठं करायचं असलं, की मी मुलांना असेच चौकोन आखायला लावतो. आणि आई जन्मभर दाराशी काढत आली ती तरी दुसरं काय होती? ठिपके आणि सरळ रेघा. २०२२ च्या त्या पहाटे तिनं उंबऱ्याबाहेर आपल्या डोळ्याची तपासणी स्वतः करून, निकाल पांढऱ्या रेघांत लिहून ठेवला होता.

मी पांढऱ्या कार्डावर काळ्या शाईनं ती जाळी नव्यानं आखली आणि स्वयंपाकघरात दिनदर्शिकेशेजारी टांगली. रोज चहाआधी आई तिच्यापुढं उभी राहते. जाळीवर विसंबून तपासणी चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, तेही आम्ही पाळतो. पण २०२४ च्या पावसाळ्यात एका सकाळी जाळीच कामी आली.

"बाळ," आईनं हाक मारली, "डाव्या डोळ्यानं बघताना खालच्या अंगाला कुणीतरी रेघ ओढून धरलीय बघ."

मी जाळीकडं बघितलं नाही. ती सरळच होती, मीच आखली होती. मी आईकडं बघितलं. त्या दिवशी शाळेला रजा टाकली. दुपारी यंत्राच्या पडद्यावर खळगी जवळजवळ शाबूत होती, कडेला दोऱ्याएवढी काळी रेघ. डबकं व्हायच्या आत सापडलेलं पाणी! संध्याकाळी इंजेक्शन झालं. त्या डोळ्यानं ती आज वर्तमानपत्रातली बारीक अक्षरं वाचते.

सुई मात्र सुटलेली नाही. परवाच्या खेपेला डॉक्टरांनी तिच्या जुन्या प्रश्नाचं पुढचं उत्तर दिलं. अमेरिकेत मिशिगन आणि कॅन्ससच्या विद्यापीठांतले संशोधक उजेड आणि आवाज यांना एकत्र आणत आहेत. रक्त प्रकाश शोषून घेतं. प्रकाशाचा क्षणिक ठोका बसला की ते किंचित तापतं, प्रसरण पावतं आणि बारीक ध्वनी उमटतो. प्रकाशातून ध्वनी निघतो हे ग्रॅहम बेलनं १८८० सालीच पाहिलं होतं. त्या ध्वनीवरून वाहिन्यांचं चित्र काढता येतं. आणि त्याच वेळी बाहेरून श्राव्यातीत लहरी सोडल्या, तर वाहिनीच्या आत सूक्ष्म बुडबुडे फुगतात, मिटतात आणि वाहिनी बंद पडते. लेझर इतका सौम्य, की एकटा तो काही भाजू शकत नाही; भोवतालच्या ज्या भागात रक्त नाही, तिथं काही घडत नाही. सशांच्या डोळ्यांवर हे प्रयोग झाले आहेत. आमच्या गावच्या दवाखान्यात यायला त्याला अजून पुष्कळ वाट चालायची आहे.

आईनं सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे भिंत न पाडता पिंपळ काढायचा," ती म्हणाली. "चांगलं हाय. माझ्या वेळंला न्हाई आलं तरी चालंल. ह्याच्या वेळंला यिऊ दे." ह्याच्या म्हणजे माझ्या. हा आजार थोडाफार घराण्यातून येतो, हे तिनं केव्हाच विचारून घेतलं होतं.

गेल्या दिवाळीत नरकचतुर्दशीच्या पहाटे मी तिच्याही आधी उठलो आणि दाराशी उकिडवा बसून राहिलो. तिनं वीत मोजत ठिपके ठेवले, रेघा ओढल्या. शेवटून दुसऱ्या रेघेला मध्येच बारीकसं पोट आलं. माझ्या छातीत धस्स झालं. फडक्याला मी हात लावला नाही.

"आई, ही रेघ तुला कशी दिसती?"

तिनं वाकून बघितलं. "वाकडी दिसती की. का रं?"

मी तिला हाताला धरून आत नेलं, जाळीपुढं उभं केलं. तिनं उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला आणि बराच वेळ ठिपक्याकडं बघत राहिली. मागं गॅसवर पाणी उकळत होतं.

"सगळ्या सरळ हायत," ती म्हणाली. "अरं, हात हालला असंल. वय झालं न्हवं का आता?"

आम्ही बाहेर आलो. उजाडत होतं. ती रेघ तिनंही पुसली नाही आणि मीही नाही. भाऊबीजेपर्यंत ती तशीच राहिली.